दिपिका केणीचा हात

दिवा गावाच्या नाक्यावर दिपिका केणीने टँकरच्या ड्रायव्हरचा दात पाडला, त्या दिवशी घरी आल्यावर तिच्या आईने, जनाबाईने, एकच प्रश्न विचारला.

"पुरचा पारलास का मागचा?"

"पुढचा," दिपिका म्हणाली.

"बरा झाला. हसताना आठवन ऱ्हाईल मेल्याला." एवढं बोलून जनाबाई परत कोलंबी सोलायला लागली.

याला कोणी काहीही म्हणो, केण्यांच्या घरात हीच रीत होती. दिव्याच्या जुन्या गावठाणातलं खाडीवरचं घर. जाळं कुठे लावायचं यावरून आजोबांनी डोकी फोडली, मिठागराच्या बांधावरून बापाने फोडली. पुढे गावाभोवती इमारती उगवल्या, नळाचं पाणी गायब झालं, आणि हंड्यांच्या रांगेत दिपिकाने तो वारसा नीट सांभाळला. बाई दिसायला सुरेख, आवाज घोगरा, उंची बेताची. पण तिचा उजवा हात डोक्याला विचारून उठत नसे. आधी हात उठे आणि मग डोक्याला कळे की काय झालं. त्या ड्रायव्हरने गावठाणाचं अर्धं पाणी वाटेतच एका हॉटेलला विकलं होतं आणि वर दात काढून म्हणाला होता, "पाणी नसंल तर माझ्या घरी ये आंघोळीला." तिच्या हातात तेव्हा पितळी कळशी होती, यात तिचा काय दोष?

दोष एवढाच की कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं आणि दिव्यापासून बदलापुरापर्यंत लोकांनी ते चवीने बघितलं. बघणाऱ्यांत तिचा नवराही होता.

नवरा म्हणजे विनीत. राहणार आंबिवली, एका कारखान्यात सुपरवायझर. चारचौघांत इतका मऊ बोलायचा की शेजारणी आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. घरात दार लावलं की कमरेचा पट्टा काढायचा. त्याने पहिल्यांदा दिपिकाच्या थोबाडीत मारली तेव्हा त्याला त्याच मिनिटाला परत मिळाली आणि तो चकित झाला. असं काही होऊ शकतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग वर्षानुवर्षं तो पट्टा काढत राहिला आणि ती हाताला लागेल ते उचलत राहिली. शेवटच्या भांडणात तिच्या हाताला कुकरचं झाकण लागलं. विनीतच्या भुवईला टाके पडले आणि तो तसाच रक्ताळलेला पोलीस ठाण्यात गेला. तिच्या पाठीवर त्याच संध्याकाळचे वळ होते, पण ती कुठेच गेली नाही. पाठ उघडी करून दाखवायची कुणाला, असं तिला वाटलं. इथेच ती फसली. तिच्या माराचा कागद झाला, त्याच्या माराचा झाला नाही.

कळशीचा प्रकार घडण्याआधीच ती लेकीला घेऊन माहेरी निघून आली होती. लेक योगिनी, तिसरीतली. विनीतने कोर्टात अर्ज टाकला की आई मारकुटी आहे, मुलगी माझ्या ताब्यात द्या. सोबत टाक्यांचा कागद आणि तो कळशीचा व्हिडिओ.

दिपिकाच्या वकीलबाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "एक, नोकरी पाहिजे. दोन, तुम्ही आता शांत आहात असं कोर्टात येऊन सांगणारा कुणी बऱ्यापैकी माणूस पाहिजे. आणि तीन, केस संपेपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. उचललात तर मुलगी गेली म्हणून समजा."

योगिनी गेली तर मागे काय उरतं, हे दिपिकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या सगळ्या आयुष्यात तिने न भांडता मिळवलेली ती एकच गोष्ट होती.

नोकरी मात्र चालत घरी आली, आणि तीही त्याच व्हिडिओपायी. एका सकाळी गावठाणाच्या बोळात पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला, दाढीवाला, पांढऱ्या बुटांचा एक पोरगा चिखल चुकवत आला. त्याचं नाव ऋतुराज. त्याची 'घागर' नावाची कंपनी होती. सोसायटीने मोबाईलवर बटण दाबायचं आणि टँकर दारात यायचा, असा तो धंदा. टँकर काही दारात येत नव्हता, कारण टँकरवाले या पोरांना विचारत नव्हते.

"मला तुमच्यातली ही आग पाहिजे," ऋतुराज म्हणाला.

"आन् पगार?" जनाबाईने आतून विचारलं.

अशी दिपिका केणी ठाण्यात वर्तकनगरला एका जुन्या कॉलनीतल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दोन फ्लॅटमधली भिंत पाडून केलेल्या ऑफिसात जाऊन बसली. टेबलावर तिच्या नावाची पाटी लागली, खाली 'ऑपरेशन्स'. म्हणजे काय, तर दिवसभर टँकरवाल्यांना फोन करायचे आणि ते खोटं बोलले की त्यांच्याच भाषेत त्यांचा उद्धार करायचा. शिव्यांना वकीलबाईंची बंदी नव्हती.

घागरचं सगळंच निराळं होतं. मालकाला साहेब म्हणायचं नाही, अरे ऋतुराज म्हणायचं. खुर्च्यांच्या जोडीला जमिनीवर दोन-चार गुबगुबीत पिशव्या होत्या, त्यांच्यात बसलं की उठता येत नसे. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं ते सांगायचं. ऋतुराज उठता-बसता म्हणायचा, "आपण फॅमिली आहोत." एखादी सोसायटी हातची गेली की हा कुटुंबप्रमुख समोर असेल ते फेकून मारायचा. कधी मार्कर, कधी माऊस, एकदा अख्खा कीबोर्ड हिशेब बघणाऱ्या पोराच्या कानाला चाटून भिंतीवर फुटला आणि त्याची बटणं आठवडाभर पायाखाली सापडत होती. नंतर तो त्याच पोराला मिठी मारायचा. दिपिकाला यात नवीन काहीच वाटलं नाही. फॅमिली काय असते हे तिने आंबिवलीला बघितलेलं होतं.

पण तिथली खरी भानगड होती शुक्रवारची. तिला म्हणायचे 'आरसा'. शुक्रवारी दुपारी हॉलच्या मधोमध एक निळी खुर्ची ठेवायची. एकाने तिच्यावर बसायचं, बाकीच्यांनी भोवती उभं राहून त्याच्यात काय काय वाईट आहे ते एकेक करून तोंडावर सांगायचं. बसलेल्याने उलट बोलायचं नाही. प्रत्येकाला नुसतं "थँक यू" म्हणायचं. घागरमध्ये कुणी कधी खोटं बोलायचं नाही, हा ऋतुराजचा पहिला नियम होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. असली अवलाद अवघड. खोटारड्याला आपण खोटारडे आहोत हे ठाऊक तरी असतं.

मे महिन्यात एकदा ॲप बंद पडलं. त्या शुक्रवारी खुर्चीवर यज्ञेशला बसवलं. यज्ञेश कल्याणचा, कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणारा, मान खाली घालून चालणारा मुलगा.

"तुझ्यामुळे आपण सगळे बुडणार."

"थँक यू."

"तू स्लो आहेस, आणि तुला ते कळतही नाही."

"थँक यू."

"यज्ञेश, तुझ्या अंगाला वास येतो रे. सॉरी, पण येतो."

"थँक यू."

सगळ्यांचं झाल्यावर तो उठला, शांतपणे चहाच्या खोलीकडे गेला आणि तिच्या काचेच्या दारात त्याने मूठ घातली. मूठ आरपार गेली. त्याने ती तशीच मागे ओढली, त्यामुळे कोपरापर्यंत हात चिरत आला. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं. पोरी किंचाळल्या. दिपिकाने ओढणी काढून त्याच्या दंडाला करकचून बांधली आणि त्याला खाली बसवलं. यज्ञेश थरथरत तिलाच म्हणत होता, "थँक यू, थँक यू."

ऋतुराज जवळ आला, रक्ताकडे बघून त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तरी म्हणाला, "यज्ञेश, ही एनर्जी कामात घाल यार."

दिपिकाचा हात उठलाच होता. तो तिने डाव्या हाताने धरून खाली आणला आणि त्याच्यावर बसली. खरोखरच बसली, मांडीखाली घेऊन. तेव्हापासून तिने ती सवयच लावून घेतली. तिची स्वतःची पाळी आली, कुणी तिच्या डब्यातल्या सुक्या मासळीबद्दल बोललं, कुणी तिच्या इंग्लिशबद्दल, तेव्हाही ती हात मांडीखाली दाबून थँक यू म्हणत राहिली. घरी जाऊन तिने त्या हाताने कपडे इतके आपटले की जनाबाईने विचारलं, "गो बाय, धुतंस का मारतंस?"

तिच्यातला हा बदल ऋतुराजला मात्र दिसला होता. "अख्खं वर्ष झालं, तू कुणाला टपलीसुद्धा मारली नाहीस," तो म्हणाला. "मी येतो ना कोर्टात. जे बघितलंय ते सांगेन." दिपिकाने त्या दिवशी अख्ख्या ऑफिसला बोंबील तळून आणले. ज्यांना डब्याचा वास येत होता, त्यांनीही हाणले.

पावसाळा सरला, टंचाई सरली नाही. दिव्याकडच्या टँकरांत निम्मे एकट्या काळुरामशेठचे होते. त्याचे ड्रायव्हर घागरची ऑर्डर घ्यायचे आणि पाणी दुसरीकडे ओतायचे. दिपिकाचं गोड बोलून, शिव्या घालून, त्याच्या म्हातारीच्या पाया पडूनही झालं होतं. मग एके दिवशी ऋतुराजला कल्पना सुचली. काळुरामला शुक्रवारी ऑफिसात बोलवायचं आणि आरशाच्या खुर्चीवर बसवायचं.

दिपिकाने कपाळाला हात लावला. "अरे, वेड लागलं का तुला? आमच्याकडे चारचौघांत माणसाला असं बोलत नाहीत. बोललं तर त्याला उत्तर हातानेच येतं."

"दिपिका, फीडबॅक म्हणजे गिफ्ट असतं."

"मग त्याला पेढे दे ना!"

"तो पार्टनर आहे. पार्टनरशी पण खोटं बोलायचं नाही." आणि त्याने आमंत्रण धाडलं.

काळुरामशेठ आला तो पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी साखळी. दोन माणसं खाली गाडीपाशी उभी ठेवली होती. हॉलमध्ये शिरला आणि बघतो तर मधोमध एकच खुर्ची, आणि भोवती सगळी पोरं-पोरी अदबीने उभी. त्याचा चेहरा खुलला. आता चारचौघांत मधल्या खुर्चीवर बसवतात ते कशासाठी? गावात बसवतात ते सत्काराला. शाल, नारळ, दोन शब्द. त्याने गॉगल काढून खिशात ठेवला, मिशांवरून हात फिरवला आणि ऐसपैस बसून म्हणाला, "अरे कशाला एवढा सगला! घरचाच मानूस हाय मी."

"शेठ, उठा तुम्ही, आपण खाली चहा घेऊ," दिपिका पुढे होत म्हणाली.

"दिपिका, प्लीज," ऋतुराजने तिला अडवलं. "सुरू करा."

जाहिरातीचं काम बघणारी मुलगी पहिली बोलली. "तुमचे ड्रायव्हर बायकांशी घाणेरडं बोलतात."

काळुराम हसला. त्याला वाटलं, सत्काराआधी पोरं थट्टा करतायत.

"तुमचं पाणी पिवळं असतं. आमच्या दोन कस्टमरांची मुलं आजारी पडली."

हसू थोडं आखडलं. त्याने दिपिकाकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला काही नाही बोलायचं." यज्ञेश आपला व्रणांचा हात पाठीमागे लपवून पुटपुटला, "तुम्ही ऑर्डर पूर्ण झाली असं खोटंच दाबता." मग ऋतुराज समोर आला, गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "काळुराम, तू चोर आहेस. हे मी प्रेमाने सांगतोय. आता थँक यू म्हण."



काळुराम उठला, ज्या खुर्चीवर बसला होता ती त्याने पाठीला धरून उचलली आणि आडवी फिरवली. ऋतुराज जागच्या जागी कोसळला. दुसऱ्या फटक्यात टेबलावरचे तीन कॉम्प्युटर खाली आले. "माना चोर बोलतो? सत्काराच्या खुर्चीवर बसवून?" तो बैलासारखा ओरडत होता. आवाज ऐकून खालची दोन माणसं धडधडत जिना चढून आली. एकाने यज्ञेशला मानगुटीला धरून भिंतीवर आपटलं. हिशेबवाल्या पोराच्या पोटात लाथ बसली, तो टेबलाखाली घुसला तर त्याला पायाला धरून ओढून काढून परत हाणलं. दुसऱ्याने जाहिरातवाल्या मुलीचे केस धरले आणि तिचं डोकं कपाटावर दाबलं. काळुरामने ऋतुराजला उचलून टेबलावर पालथं पाडलं, त्याचा हात पाठीमागे पिळला आणि पिळतच गेला. खांद्यापाशी कट्‌ असा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला.

दिपिका भिंतीला टेकून उभी होती. येत्या बुधवारी तारीख होती. तिचा हात तिने दुसऱ्या हाताने इतका आवळला होता की नखं रुतली. योगिनी, योगिनी, ती मनात म्हणत होती. पोलिसांना फोन लाव, हात नको.

"दिपिका!" ऋतुराज गुरासारखा ओरडला. "बघतेस काय! मार ना त्याला! त्यासाठीच तर घेतलंय तुला!"

खरं बोलायची सवय अंगात भिनलेली. आग, पॅशन, ऑपरेशन्स, सगळं बाजूला पडून खरं ते बाहेर आलं. पण ते ऐकून चिडायलाही वेळ नव्हता, कारण काळुरामने खुर्चीचा तुटलेला लोखंडी पाय हातात घेतला होता आणि तो ऋतुराजच्या डोक्याच्या नेमावर धरला होता.

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार होता, निम्मा भरलेला. दिपिकाने तो मशीनवरून उपटला आणि दोन्ही हातांनी फिरवून काळुरामच्या तोंडावर घातला. तो मागे फेकला गेला. पाणी चौफेर उडालं. केस धरणारा माणूस तिच्या अंगावर आला, त्याच्या गुडघ्यावर जार बसला आणि तो बोंबलत बसकणच मारून राहिला. तिसरा जिन्याकडे पळाला. काळुराम ओल्या फरशीवर उठायला बघत होता, घसरत होता. तिने जार टाकला आणि नुसत्या हाताने त्याला मारायला सुरुवात केली. नाकावर, ओठांवर, कानावर. त्याने हात वर करून तोंड झाकलं तरी मारलं. "बस गो, बस," म्हणाला तरी मारलं. आता खोटं कशाला सांगायचं, तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही. वर्षभर दाबून धरलेला हात मोकळा सुटला होता आणि तिला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. शेवटी यज्ञेशने तिला मागून मिठी मारून ओढलं तेव्हा तिची बोटं सोलून निघाली होती.

काळुराम भिंत धरून उठला. पांढरा शर्ट लाल झालेला. "केन्यांची ना गो तू?" त्याने विचारलं.

"हो."

तो तोंडातलं रक्त थुंकला आणि आपल्या माणसांना घेऊन निघून गेला. पोलिसांत गेला नाही, जाणारही नव्हता. एका बाईने आपली कणीक तिंबली हे तो कुठल्या तोंडाने सांगणार होता? म्हणजे त्या दुपारी काय झालं ते घागरच्या माणसांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोर्टात त्यांच्यातला एकच जण येणार होता.

तारखेच्या आदल्या दिवशी दिपिकाने ऋतुराजला गाठलं. त्याचा खांद्यापासून हात प्लास्टरमध्ये होता.

"हाताचं विचारलं तर जिन्यावरून पडलो म्हण. एवढंच कर माझ्यासाठी."

"दिपिका, मी खोटं बोलत नाही, तुला माहितेय."

"अरे, तुझं डोकं वाचवलं मी!"

"म्हणूनच. मी तुझी चांगलीच बाजू सांगणार ना. टेन्शन नको घेऊ." आणि त्याने डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं.

बुधवारी कल्याणच्या कोर्टात ऋतुराज इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि सुरुवातीला खरंच छान बोलला. कामसू आहे, वेळेवर येते, सगळ्यांना सांभाळून घेते. जनाबाई बाकावर बसून मान डोलवत होती. योगिनी आजीच्या मांडीला टेकून आईकडे बघून हसत होती. सकाळी जजसाहेबांनी तिला आत बोलवून विचारलं होतं, आई कशी आहे. "माझी आई कुणालापण मारू शकते," असं पोरीने फुशारकीने सांगितलं होतं. ते बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

विनीतचा वकील उठला. त्याने फाईलही उघडली नाही. "हाताला काय झालं तुमच्या?"

"याचा इथे काय संबंध?" दिपिकाच्या वकीलबाई म्हणाल्या. जजसाहेबांनी उत्तर द्यायला सांगितलं.

ऋतुराजने एकदा दिपिकाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर शुक्रवारचं तेज आलं होतं.

"ऑफिसात मारामारी झाली," तो म्हणाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. जार सांगितला, गुडघा सांगितला, नाक सांगितलं.

"समोरचा माणूस खाली पडल्यावरही या मारतच होत्या?"

"हो. पण त्याआधी..."

"बस, तेवढं पुरे."

वकीलबाईंनी पुन्हा उभं राहून त्याच्याकडून वदवून घेतलं की तिने त्याचा जीव वाचवला. जजसाहेबांनी तेही लिहून घेतलं. पण दुपारी हुकूम झाला तो असा, की पुढच्या तारखेपर्यंत मुलगी वडिलांकडे राहील. जनाबाईने तिथेच बसून मोठ्याने गळा काढला. शिपायाने तिला बाहेर नेलं.

कोर्टाच्या फाटकापाशी विनीत योगिनीला मनगटाला धरून रिक्षाकडे नेत होता. पोरीने फाटकाचा गज धरला. "मला आईकडे जायचंय. सोडा मला. आई!" ती गज सोडेना म्हणून विनीतने इकडेतिकडे बघितलं. त्याचा वकील पुढे निघून गेला होता. मग त्याने उलट्या हाताने पोरीच्या कानशिलात अशी मारली की तिचा हेअरबँड उडून गटाराच्या जाळीवर पडला.

दिपिका चार पावलांवर होती.

योगिनी रडली नाही. तिने आईकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. ती नुसती वाट बघत होती. आता आई येणार, आता पप्पा खाली पडणार, याची तिला पुरी खात्री होती. दिपिकाचं सगळं अंग पुढे गेलं आणि पाय जमिनीला खिळले. आत्ता हात उठला तर पोर कायमची गेली, हे तिला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा डोकं हाताच्या आधी पोचलं होतं आणि तिला स्वतःची किळस येत होती. पोरगी वाट बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरची खात्री हळूहळू गेली. तिने गज सोडला, स्वतःच वाकून हेअरबँड उचलला आणि मागे न बघता रिक्षात जाऊन बसली. रिक्षा गेली.

"दिपिका." मागे ऋतुराज उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. "आय ॲम सो प्राउड ऑफ यू. तू कंट्रोल केलंस. ही खरी ग्रोथ आहे."

ती वळली.

"तू बघितलंस?"

"हो, म्हणजे तू किती..."

"मी नाही. त्याने पोरीला मारलं ते. बघितलंस?"

"हो. बघितलं ना. हॉरिबल."

"मग चल."

"कुठे?"

"वर. जजसाहेब उठायच्या आत."

"अगं, पण मला चारला ठाण्याला पोचायचंय, इन्व्हेस्टर येतायत. आणि हे तुमचं फॅमिली मॅटर झालं, त्यात मी..."

दिपिकाने त्याचा चांगला हात मनगटाशी धरला आणि आवळला. तो कळवळून वाकला. "खरं बोलतोस ना तू?" ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या वेळी पण बोलायचं." आणि ती त्याला ओढत निघाली. जिन्यावरचे लोक बाजूला झाले. तो धडपडत होता, प्लास्टर कठड्यावर आपटत होतं, "दुखतंय, दिपिका, दुखतंय" म्हणत होता आणि ती "दुखू दे" म्हणत पायऱ्या चढत होती. वकीलबाई वरून धावत आल्या, त्यांना तिने चालता चालताच सांगितलं, साक्षीदार आणलाय. शिपाई दार लोटून घेत होता. दिपिकाने फटीत पाय घातला, खांद्याने दार मागे रेटलं आणि ऋतुराजला आत ढकललं.